जोग्येसान : एक डोंगर, दोन मठ आणि मधली खिंड

पाऊलखुणा_बुसान

"कोरियात येतोय, बौद्ध मंदिरं कुठली बघू?" हा प्रश्न इथे अधूनमधून कोणीतरी विचारतंच, आणि उत्तरही ठरलेलं असतं: ग्यॉंगजूचं बुलगुकसा, त्याच्या वर डोंगरात सॉकगुराम, वेळ उरला तर हेइनसा. तिन्ही बघाच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या पायात थोडी ताकद आहे आणि ज्यांना देवळासमोर उभं राहून फोटो काढण्यापलीकडे काही हवंय, त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. विषय एकच डोंगर, जोग्येसान.

दक्षिण चॉल्ला प्रांतात सुनचॉन शहराच्या वायव्येला हा डोंगर आहे. उंची 884 मीटर, म्हणजे सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी नाक मुरडावं इतकीच. त्याच्या पूर्व उतारावर सॉनामसा आणि पश्चिम उतारावर सोंग्वांगसा, असे दोन जुने मठ. मधून एक पायवाट जाते, साधारण साडेसहा-सात किलोमीटरची. गाडीने गेलात तर डोंगराला मोठा वळसा पडतो. चालत गेलात तर रमतगमत चार तास.

माझं म्हणणं एवढंच, की यातलं एक मंदिर बघून परत फिरू नका. डोंगर ओलांडा. दोन्ही मठ एकमेकांशेजारी ठेवून बघितले तरच दोघांचं कळतं.

सॉनामसापासून सुरुवात करू. बसमधून उतरलात की मंदिर लगेच दिसत नाही. ओढ्याच्या कडेने बराच वेळ सावलीतून चालायचं. वाटेत भिक्खूंचे दगडी स्तूप लागतात, मग सुंगसॉनग्यो नावाचा कमानीचा पूल. 1713 साली पूर्ण झालेला. नुसता दगडावर दगड रचून अर्धवर्तुळ साधलंय. कमानीच्या पोटात मधोमध एक ड्रॅगनचं मुंडकं खाली डोकावतं. पावसाळा नसेल तर ओढ्यात उतरा. कमानीतून बघितलं की पलीकडचा कांगसॉल्लू नावाचा दुमजली मंडप बरोब्बर चौकटीत बसतो. कॅलेंडरवरचा फोटो तो हाच. तिथे फोटोवाल्यांची रांग असते, आपला नंबर येईपर्यंत पाय पाण्यात सोडून बसायचं.

पुढे अंडाकृती तळं, त्यात अंडाकृतीच बेट. मग पहिलं प्रवेशद्वार. कोरियातल्या बहुतेक मोठ्या मंदिरांत यानंतर चार दिक्पालांचं दार येतं, डोळे वटारलेले अवाढव्य रंगीत पुतळे. इथे ते नाहीत. कारण काय, तर डोंगराच्या माथ्याचं नावच सेनापती शिखर, तोच राखण करतोय, मग वेगळे पहारेकरी कशाला? मुख्य मंदिरात बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व नाहीत, बुद्ध एकटाच. आणि मुख्य मंदिराला मधल्या दारातून कोणी आत जात नाही, तिथून फक्त बुद्धत्वाला पोचलेल्यानेच जायचं अशी समजूत. "सॉनामसात नसलेल्या तीन गोष्टी" म्हणून हे लोक कौतुकाने सांगतात.

गंमत म्हणजे खिंडीपलीकडच्या सोंग्वांगसाचीही अशीच यादी आहे! तिथे अंगणात दगडी स्तूप नाही, कारण मठाची जागा पाण्यावर तरंगणाऱ्या कमळासारखी मानतात, जड दगड ठेवला तर कमळ बुडेल. छपराच्या कोपऱ्यांना वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा नाहीत. खांबांवर वचनं लिहिलेल्या पट्ट्या नाहीत. ध्यानाला बसलेल्या माणसाचं लक्ष ना आवाजाने जावं ना अक्षरांनी, म्हणून.

सॉनामसाचं दुसरं वेड म्हणजे आग. 1597 च्या जपानी स्वारीत मठ जवळजवळ सगळा जळाला, पुढे 1759 मध्ये परत. वैतागून त्यांनी 1761 मध्ये डोंगराचं आणि मठाचं, दोघांचं नाव बदलून पाण्याशी नातं सांगणारं ठेवलं. 1823 ला पुन्हा मोठी आग! मग जुनी नावं परत घेतली. एका इमारतीच्या भिंतीत वर झरोके आहेत, नीट बघितलंत तर ते 'पाणी' आणि 'समुद्र' ही चिनी अक्षरं आहेत. अग्निशमन यंत्रणाच म्हणायची.

आणि शौचालय. हसू नका. सॉनामसाचं लाकडी शौचालय हा संरक्षित वारसा आहे, लोक मुद्दाम बघायला येतात आणि वापरूनही बघतात. दोन मजली उंचीचं, खाली राख-पालापाचोळा, लाकडी गजांतून वारा खेळता. वास नाही. आत बसल्यावर बाहेरचं रान दिसतं, बाहेरच्याला आपण दिसत नाही. कोणीतरी डोकं चालवलंय.

मार्चअखेर गेलात तर जुनी प्लमची झाडं फुललेली असतात, त्यातलं एक साधारण सहाशे वर्षांचं. तेव्हा गर्दीही तशीच.

इथून वाट सायप्रसच्या उंच झाडीतून वर चढते. दगडी पायऱ्या, कधी सरळ, कधी भलत्याच. पहिली खिंड ओलांडून थोडं उतरलं की डोंगराच्या ऐन मध्यावर बोरीबापची खानावळ. बार्लीचा भात, वर दहा-बारा प्रकारच्या भाज्या, तिखट लाल पेस्ट, सगळं एकत्र कालवायचं. ट्रेकच्या मध्यावर गरम जेवण मिळणं हे भाग्य आहे आणि कोरियन लोकांना त्याची पूर्ण जाणीव आहे, रविवारी जागा मिळत नाही. मग दुसरी खिंड, आणि उतार थेट सोंग्वांगसाच्या मागे.

सोंग्वांगसाबद्दल इथे थोडक्यात लिहिते, कारण तिथे "बघण्यासारखं" कमी आहे. ओढ्यावर मंडप असलेला पूल आहे. त्याच्या खालीही ड्रॅगनचं मुंडकं, आणि त्याच्या तोंडातून तारेला लटकवलेली जुनी नाणी. पूल बांधून झाल्यावर वर्गणीतली ही नाणी उरली, पुलाच्या नावाने दिलेले पैसे दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत, म्हणून पुढच्या दुरुस्तीसाठी तिथेच टांगली, अशी कथा. (आपल्या गणेशमंडळांना ही सहल घडवायला हवी.) भात ठेवायची एक भलीमोठी लाकडी डोणी आहे, एका झाडाच्या खोडातून कोरलेली. चार हजार माणसांचा भात मावायचा असं सांगतात.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

रानवारा

मस्त! वाखूसा (वाचनखूण साठवली). शौचालयाचा परिच्छेद सर्वात आवडला हे सांगायला लाज वाटत नाही :)

फोटो कुठे? आणि उलट दिशेने, म्हणजे सोंग्वांगसाकडून सॉनामसाकडे गेलं तर काय बिघडतं?

पाऊलखुणा_बुसान

फोटो टाकते सवडीने.

उलट जाता येतं, चढ दोन्हीकडून तसा सारखाच. पण मी सोंग्वांगसा शेवटी ठेवते ते संध्याकाळच्या वंदनेसाठी. सूर्य कलला की घंटामंडपात भिक्खू आळीपाळीने चार वाद्यं वाजवतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, पोकळ लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा पाखरांसाठी आणि सर्वात शेवटी मोठी घंटा, नरकात पडलेल्यांसाठीसुद्धा. ढोलावर दोन टिपऱ्या अशा काही फिरतात की तरुण भिक्खूंचे दंड भरून येत असणार. मग सगळे मुख्य मंदिरात, आणि एकसुरात पठण. हे प्रत्येक मोठ्या मंदिरात होतं, पण सोंग्वांगसात माणसं जास्त, त्यामुळे आवाजाला जे वजन येतं ते वेगळंच.

मुक्काम नसेल तर मात्र शेवटची बस आधी विचारून ठेवा.

तेच_ते_तेच_ते

रसभंग करतो, माफी असावी. मी कोरियात कंपनीच्या कामाने बराच फिरलोय. पाच-सहा मंदिरं झाल्यावर सगळी एकसारखी. तोच हिरवा-लाल रंग, तीच वळलेली छपरं, तीच सोनेरी मूर्ती. आणि फलक वाचला की कळतं, मंदिर सातव्या शतकातलं, पण ही इमारत 1980 ची! आपल्या अजिंठ्यात इसवी सनापूर्वीचा दगड आहे, कार्ल्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूडसुद्धा छताला आहे. तिथे "ऐतिहासिक" म्हणजे ऐतिहासिक. इथे नवा रंग दिलेल्या इमारतीला ऐतिहासिक का म्हणायचं?

पाऊलखुणा_बुसान

वाटलंच होतं हा मुद्दा येणार. रास्त आहे.

सोंग्वांगसाचंच घ्या. 1948 च्या ऑक्टोबरात यॉसू-सुनचॉन भागात सैन्यातल्या एका तुकडीने बंड केलं, ते चिरडल्यावर उरलेले लोक डोंगरात शिरले. पुढे कोरियन युद्ध. हा सगळा पट्टा गनिमी लढाईचा. 1951 मध्ये सोंग्वांगसाचा मधला भाग जळाला. आजचं मुख्य मंदिर 1988 चं आहे. तुमचा फलकाचा नियम लावला तर हे आमच्या बुसानच्या घरापेक्षा फार जुनं नाही.

पण अजिंठा-कार्ल्याचा दगड टिकला आणि तिथले भिक्खू गेले. आपण तिथे जातो ते रिकामं घर बघायला. सोंग्वांगसात उलट झालंय, इमारती जळत राहिल्या आणि माणसं राहिली. 1200 साली चिनुल नावाचा भिक्खू आपल्या साधकांना घेऊन इथे आला, तेव्हापासून इथे ध्यानाचं शिक्षण चालू आहे. मध्ये खंड पडले, वाईट दिवस आले, पण आजही हिवाळ्यात-उन्हाळ्यात तीन-तीन महिने भिक्खू एका खोलीत भिंतीकडे बघत बसलेले असतात. त्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा बांबू टाकलेला असतो. पर्यटकांनी इथून परत फिरायचं. तुम्हाला "बघायला" मिळतं ते बांबूपर्यंतच.

शिवाय सगळंच नवं नाही. राष्ट्रगुरूंचं सभागृह आगीतून वाचलं, ते जोसॉन राजघराण्याच्या काळाच्या सुरुवातीचं. साध्या बांधणीचं, रंगही उतरलेले. तुम्हाला तेच आवडेल.

हस्तलिखित

त्या सभागृहाबद्दल भर घालतो. चिनुलपासून पुढे या मठातून 16 भिक्खूंना राष्ट्रगुरू ही राजमान्य पदवी मिळाली. त्या सोळांची चित्रं त्या सभागृहात होती. 1995 मध्ये त्यातली 13 चोरीला गेली.

कोरियात तीन मंदिरांना त्रिरत्न मंदिरं म्हणतात. थोंगदोसा बुद्धाचं, कारण तिथे बुद्धाचे धातू, म्हणजे अस्थी-अवशेष आहेत. तिथल्या मुख्य मंदिरात मूर्तीच नाही, मूर्तीच्या जागी खिडकी आणि मागे धातूस्तूप. हेइनसा धर्माचं, कारण तिथे त्रिपिटक कोरलेले ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठसे आहेत, तेराव्या शतकातले. आणि सोंग्वांगसा संघाचं, या सोळा जणांमुळे. पहिल्या दोन ठिकाणी रत्न ही वस्तू आहे. तिसऱ्या ठिकाणी ती माणसं आहेत. म्हणून तिथे कॅमेऱ्याची पंचाईत होते.

इंदोरा_चौक

हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. नागपूरचा आहे. लहानपणापासून बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि म्हणत आलोय, आणि एका देशाने या तीन ओळींची तीन ठिकाणं करून ठेवलीत हे आज कळलं. तिन्ही करायची इच्छा झाली.

पण एक मनापासूनचा प्रश्न आहे, वाद घालायला नाही विचारत. आम्ही बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञांवर वाढलेलो. देवदेवता, नवस, भविष्य हे सगळं आमच्या घरातून 1956 लाच बाहेर गेलं. कोरियन मंदिरांचे व्हिडिओ बघतो तर डोंगरदेवाचं देऊळ, परीक्षेत पास होण्यासाठी पेटवलेल्या मेणबत्त्या, कौलांवर नाव लिहून इच्छा मागणं. तिथे गेल्यावर हे खटकतं का? आपली वंदना तिथे म्हटली तर चालते का?

पाऊलखुणा_बुसान

दादा, प्रश्न फार चांगला.

डोंगरदेव असतोच. मुख्य मंदिराच्या मागे, जरा वर, एक छोटं देऊळ. आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याला रेलून बसलेला वाघ. कोकणातला वाघोबा डोळ्यासमोर आणा, फक्त इथे त्याला म्हाताऱ्याची सोबत आहे. बौद्ध धर्म येण्याआधीपासून लोक डोंगराला पुजत होते, मठांनी त्यांना हाकललं नाही, मागच्या अंगणात जागा दिली. बारावी-प्रवेशपरीक्षेच्या आधी आयांची रांग लागते हेही खरं. कौलावर नाव लिहून देणगी देतात, ते कौल पुढे छपरावर चढतं, त्याकडे मी मंदिराच्या डागडुजीचा निधी म्हणून बघते.

तुम्हाला खटकेल का? थोडं खटकेल. पण त्याच आवारात ध्यानाच्या खोलीत बसलेला माणूस कशाचीच मागणी करत नसतो. चिनुलची शिकवण म्हणजे आपल्या मनाकडे वळून बघा, बुद्ध बाहेर शोधू नका, अशा वळणाची. दोन्ही एका छताखाली चालतं. मला स्वतःला यात विसंगती कमी आणि सवय जास्त दिसते. तुमचं मत वेगळं असू शकतं आणि त्याला आधारही आहे.

वंदना जरूर म्हणा, हळू आवाजात. मुख्य मंदिरात बाजूच्या दारानेच शिरा, बूट बाहेर. सोंग्वांगसाच्या मुख्य मंदिरात मधे शाक्यमुनी आणि सोबत दीपंकर व मैत्रेय आहेत, म्हणजे गेलेला, असलेला आणि येणारा.

इंदोरा_चौक

धन्यवाद ताई. सरळ उत्तर दिलंत. तीन महिन्यांच्या साधनेवरून आठवलं, आपल्याकडचा वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून असतो. तिकडे हिवाळ्यातही का?

हस्तलिखित

बाहेरच्या थंडीमुळे हिवाळ्यातही हिंडणं शक्य नसायचं, म्हणून दोन वर्षावास झाले. उन्हाळी साधना चांद्र चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेपासून सातव्याच्या पौर्णिमेपर्यंत, हिवाळी दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. बुद्धजयंतीही आपल्या वैशाख पौर्णिमेला नसते, चौथ्या महिन्याच्या अष्टमीला असते. रंगीत कंदील बघायचे तर त्या आठवड्यांत जा.

आता मूळ लेखात लेखिकेने हळूच टाळलेला विषय काढतो. हे दोन मठ शेजारी असले तरी पंथ वेगळे आहेत. आणि दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्यात.

रानवारा

घ्या! बुद्धाच्या डोंगरावरही सातबाराचा वाद?

हस्तलिखित

अगदी तसाच.

जपानी राजवटीत (1910 ते 1945) जपानच्या पद्धतीप्रमाणे भिक्खूंनी लग्न करण्याची चाल कोरियात पसरली. 1926 मध्ये लग्न झालेल्या भिक्खूला मठाधिपती होण्याचीही मुभा मिळाली. स्वातंत्र्य मिळेपर्यंत बहुसंख्य भिक्खू संसारी होते. 1954 मध्ये राष्ट्राध्यक्ष री सिंगमन यांनी फतवा काढला, की लग्न झालेल्यांनी मठ सोडावेत. मग जे झालं त्याला 'शुद्धीकरण' म्हणतात. प्रत्यक्षात मठामठांतून मारामाऱ्या, पोलीस, खटले. ब्रह्मचारी भिक्खूंचा जोग्ये पंथ 1962 मध्ये अधिकृत झाला, मोठे मठ बहुतेक त्यांच्याकडे गेले. संसारी भिक्खूंनी 1970 मध्ये थेगो नावाचा पंथ वेगळा काढला.

सोंग्वांगसा जोग्येंकडे. सॉनामसात मात्र संसारी भिक्खू जागचे हललेच नाहीत. मग कागदावर मालकी एका पंथाची, राहणारे दुसऱ्या पंथाचे आणि मालमत्तेची व्यवस्था अनेक दशकं सुनचॉन नगरपालिकेकडे, असा तिढा. 2011 मध्ये दोन्ही पंथांनी मिळून नगरपालिकेकडून व्यवस्था परत घेतली, तरी मालकीवरून खटले चालूच राहिले.

बघायचं असेल तर चीवर बघा. सॉनामसात विधीच्या वेळी भिक्खूंच्या खांद्यावर लाल, सोंग्वांगसात तपकिरी. खिंडीच्या दोन बाजूंना दोन रंग.

पाऊलखुणा_बुसान

टाळला नव्हता हो, कोणी काढतंय का बघत होते :)

यातली मला आवडणारी गोष्ट सांगते. कादंबरीकार चो जॉंग-रे, कोरियातलं फार मोठं नाव, त्यांचा जन्म 1943 मध्ये सॉनामसात झाला. वडील तिथले भिक्खू. म्हणजे 'शुद्धीकरण' हा शब्द ऐकताना ज्यांना बाहेर काढायचं ठरलं त्यांची बायकामुलंही होती, घरं होती, हे लक्षात ठेवायला हवं. मी कुठल्या बाजूची नाही. पण सॉनामसा आज इतका जुना, न चकचकवलेला दिसतो त्यामागे हा तिढाही असणार असं मला वाटतं. ज्याचा मालकच ठरत नाही, त्या वाड्याला संगमरवरी फरशी कोण बसवणार? 2018 मध्ये युनेस्कोने कोरियातले सात डोंगरी मठ वारसा यादीत घेतले, त्यात सॉनामसा आहे, सोंग्वांगसा नाही.

हेइनसा_पार्टी

इतका वेळ गप्प होतो. त्रिरत्नांत सर्वात आधी हेइनसाच बघावं हे माझं ठाम मत. लाकडी ठशांची ती कोठारं, खालच्या-वरच्या खिडक्यांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवून हवा खेळवलेली, जमिनीत मीठ, चुना, कोळसा. पंधराव्या शतकापासून एकही यंत्र न लावता लाकूड टिकलंय. या धाग्यातल्या पुलाखालच्या नाण्यांपेक्षा ते जास्त महत्त्वाचं नाही का?

हस्तलिखित

तुम्ही नकळत जुन्या भांडणात उडी मारलीत. हेइनसाचे सॉंगचॉल (1912-1993) हे विसाव्या शतकातले सर्वात दरारा असलेले भिक्खू. त्यांनी 1981 मध्ये थेट चिनुलवर टीका केली. चिनुल म्हणतो, सत्य एकदम उमगतं, पण जुन्या सवयी जायला पुढे हळूहळू साधना लागते. सॉंगचॉल म्हणाले, पुढे साधना लागत असेल तर ते उमगणं खरंच नव्हे, सगळं एका फटक्यात. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी वाद घालून त्यांनी जिवंत सोंग्वांगसा हलवला. त्यानंतर दोन्हीकडून लेख, परिषदा, बरंच काही.

तेच_ते_तेच_ते

हे मात्र आवडलं. कोणी मला आधी सांगितलं असतं की यांच्यात एवढी भांडणं आहेत, तर मी मंदिरं नीट बघितली असती.

माझ्यासारखा माणूस सवयी हळूहळूसुद्धा सोडत नाही, त्यामुळे मत चिनुलला.

वाल_पावटा

मूळ मुद्द्यावर या. जेवण! आमच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. अंडं, मासे तर नाहीच. कोरियात उपाशी राहावं लागेल असं सगळे सांगतात. मठात सोय होते का?

पाऊलखुणा_बुसान

मठात तुमची चंगळ आहे. मांस-मासे तर नाहीतच, पण पाच उग्र गोष्टी वर्ज्य: लसूण, पातीचा कांदा, कांद्याच्या कुळातले आणखी दोन प्रकार, आणि पाचवी ओळखा बघू. हिंग! जुन्या ग्रंथातल्या यादीत आहे म्हणून चालत आलंय. कोरियात हिंग मिळतच नाही, त्यामुळे तो सोडायला कोणाला त्रास होत नाही. यादीतली रिकामी जागा भरायला कित्येक ठिकाणी आपला नेहमीचा कांदा धरतात.

जेवण साधं: भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं सूप, रानभाज्या, मुळा, समुद्रशेवाळ, लसूण नसलेली किमची. ताटात घ्याल ते संपवायचं, हा नियम कडक. पूर्वापार पद्धतीच्या जेवणात शेवटी पाण्याने आणि मुळ्याच्या फोडीने वाडगे स्वच्छ करून ते पाणी पिऊन टाकतात. मुक्कामाला राहणाऱ्यांना हे प्रत्येक वेळी करावं लागत नाही.

डोंगरातल्या बोरीबापच्या खानावळीत मात्र सावध. ते मठाचं नाही. किमचीत माशाचं आंबवण असतं, लसूण सगळीकडे, सूप बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यातलं. भात, साध्या भाज्या आणि तिळाचं तेल वेगळं मागून घ्या. एकॉर्नच्या (ओकच्या फळांच्या) पिठाची वडी मिळते, तीही वरचं सॉस न घालता सांगा.

वाल_पावटा

हिंगाशिवाय आमटी. देव त्यांचं भलं करो.

गुडघेदुखी_क्लब

आईबाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीच्या पुढे. डोंगर ओलांडणं शक्य नाही. मग काहीच उपयोग नाही का?

पाऊलखुणा_बुसान

आहे ना. खिंड त्यांच्यासाठी नाही, पायऱ्या उंच आहेत आणि ओल्या असल्या की घसरतात. पण दोन्हीकडे खालून मंदिरापर्यंतचा रस्ता सौम्य चढाचा, रुंद आहे. काकाकाकूंना सॉनामसाच दाखवा, ओढ्याकाठची वाट हाच अर्धा आनंद. बसायला जागा भरपूर. मठाच्या परिसरात जुनी रानटी चहाची झुडपं आहेत, तिथला चहा प्या, सावकाश परत फिरा. दोन्ही मठ एका दिवसात कोंबू नका.

तुम्ही एकटे ओलांडून पलीकडे जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून छॉन्जाआम या आश्रमाला जा. तिथे जुनिपरची दोन झाडं आहेत, साधारण आठशे वर्षांची, खोडं पिळलेल्या धुण्यासारखी. चिनुल आणि त्याच्या शिष्याने काठ्या जमिनीत रोवल्या आणि त्यांना पालवी फुटली, अशी दंतकथा. एक झाड दुसऱ्याकडे किंचित झुकलेलं आहे, तो शिष्य म्हणे.

कोरी_पाटी

टेम्पलस्टेबद्दल (पाहुण्यांनी मठात मुक्काम करण्याबद्दल) कोणी बोललं नाही. मी राहून आले (दुसऱ्या डोंगरावरच्या एका मंदिरात, नाव सांगत नाही). पहाटे तीनला कोणीतरी लाकडी ठोकळा वाजवत अंगणातून फिरलं, मग 108 साष्टांग दंडवत, एकेका दंडवताला एक मणी ओवायचा. पाय दोन दिवस माझे नव्हते. आमच्या गटातल्या अर्ध्या लोकांचं लक्ष फक्त मठाच्या कपड्यातल्या सेल्फीत. मला ते जरा नाटकी वाटलं. सोंग्वांगसात काही वेगळं असतं का?

पाऊलखुणा_बुसान

पाहुण्यांसाठी बेतलेलं आहे, नाकारत नाही. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी हॉटेलं कमी पडतील म्हणून ही योजना सुरू झाली, त्यामुळे थोडा सरकारी वास येणारच. नोंदणी करताना "विश्रांती" प्रकार निवडा, कार्यक्रमांची सक्ती कमी असते. वंदनेला जा, उरलेल्या वेळात डोंगरात हिंडा.

सोंग्वांगसाचं वेगळेपण म्हणाल, तर 1970 च्या दशकापासून परदेशी साधक तिथे खऱ्या अर्थाने राहून शिकले. कुसान नावाच्या गुरूंनी 1973 मध्ये परदेशी लोकांसाठी केंद्र काढलं होतं. कोरियन बौद्ध धर्मावर आज इंग्रजीत लिहिणारे काही जण त्यांच्याच हाताखालचे.

आणि एक सुचवते. मठापासून बांबूच्या झाडीतून एक वाट बुलीरआम या झोपडीवजा आश्रमाकडे जाते. बॉपजॉंग (1932-2010) हे लेखक-भिक्खू 1975 पासून तिथे बरीच वर्षं एकटे राहिले. त्यांनी स्वतः लाकडं जोडून केलेली एक ओबडधोबड खुर्ची अजून तिथे आहे. अपरिग्रहावर लिहून देशभर गाजले, आणि जाताना सांगून गेले की माझी पुस्तकं यापुढे छापू नका. झालं काय, तर जुन्या प्रतींच्या किमती गगनाला भिडल्या. तिथे जाताना आवाज करू नका, जागा राहती आहे.

रानवारा

ऑक्टोबरअखेर सोलहून निघायचा विचार पक्का होतोय. गाडी-बसचं गणित सांगाल का?

पाऊलखुणा_बुसान

सोलच्या योंगसान स्थानकातून सुनचॉनला थेट केटीएक्स (वेगवान रेल्वे) आहे, अडीच ते तीन तास. सुनचॉन स्थानकासमोरून शहर बस क्रमांक 1 सॉनामसाला जाते, तासाभराच्या आसपास. सोंग्वांगसाहून परतीची बस वेगळी आणि विरळ. तिचा क्रमांक, वेळा मध्येच बदलतात, म्हणून स्थानकाबाहेरच्या पर्यटन खिडकीवर त्या दिवसाचं वेळापत्रक लिहून घ्या. गूगलचे नकाशे कोरियात चालण्याचा रस्ता धड दाखवत नाहीत, नेव्हर या कोरियन कंपनीचं नकाशाचं अ‍ॅप उतरवून ठेवा.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा पानांच्या रंगांचा, म्हणजे शनिवार-रविवार टाळा. दिवस लहान असतो, सॉनामसातून दहाच्या आत वर निघा. जूनअखेर ते जुलै पावसाचा, तेव्हा खिंडीच्या वाटेला नको.

सुनचॉनलाच मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी खाडीतल्या बोरूच्या बेटांत जा. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

इंदोरा_चौक

रानवारा, ऑक्टोबरअखेर म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपलेला असेल. मीही रजा टाकून बघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.